चोवीस चित्रांतला मुंबईचा किनारा

ताजमहाल हॉटेलाच्या घुमटाखाली समुद्र थेट रस्त्याच्या कठड्याला भिडलेला आहे, जवळच चार-पाच पडाव नांगरून पडले आहेत, आणि आपली नजर सवयीने जिथे गेटवे ऑफ इंडियाची कमान शोधते तिथे नुसते आकाश आहे. हॉटेल १९०३ च्या डिसेंबरात सुरू झाले, गेटवेची पायाभरणी ३१ मार्च १९१३ रोजी झाली आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी, त्यामुळे बांधकामाची कोणतीच खूण नसलेले हे छायाचित्र बहुधा त्यातल्या पहिल्या दहा वर्षांतले असावे. पुण्यातल्या एका जुन्या पेठेत तसबिरी मढवून देणाऱ्या दुकानात, काउंटरवर कागद पसरून बसलेल्या मालकांच्या मुलाने ते माझ्यासमोर धरले, तेव्हा मी दुसऱ्याच कामासाठी तिथे गेले होते. ते काम बाजूला राहिले आणि मी मुंबईच्या किनाऱ्याच्या जुन्या छायाचित्रांचा त्यांनी छापलेला संपूर्ण संच घेऊन घरी आले. या संचाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यात मनापासून दाद देण्याजोगे पुष्कळ आहे आणि काही चुका अशा आहेत की ज्या दुरुस्त न करता हा संच कोणी विकू नये. तक्रारीचा भाग असल्यामुळे दुकानाचे नाव लिहीत नाही.

संचात चोवीस चित्रे आहेत. प्रत्येक चित्र १२ × १६ इंचाच्या जाड, किंचित खरखरीत सुती कागदावर छापलेले असून दोन चित्रांच्या मध्ये बटर पेपर घातला आहे, आणि सगळे मिळून कापडाने मढवलेल्या मजबूत खोक्यात येते. किंमत ४,८०० रुपये; सुटे चित्र घेतल्यास २५० रुपये. साधारण १८६० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंतचा, म्हणजे शंभर वर्षांचा किनारा त्यात येतो. आमच्या भागातल्या वाचनालयाच्या लांब भिंतीवर काय लावावे याची चर्चा वर्षभर चालली होती आणि मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला असल्याने हे काम माझ्याकडे आले होते. मुंबई बेटावर भराव घालून जमीन मिळवली, हे वाक्य मी दरवर्षी वर्गात सांगत आले. ज्या मुलांनी मुंबई पाहिली होती त्यांनाही त्या वाक्यातून काही दिसत नसे, आणि खरे सांगायचे तर मलाही फारसे दिसत नव्हते. पाणी कुठपर्यंत होते हे नकाशावरची तुटक रेघ सांगते, पण तिथे उभ्या राहिलेल्या माणसाला काय दिसत होते हे ती रेघ सांगत नाही.

ते मला संचातल्या सातव्या चित्राने सांगितले. बॅक बे, म्हणजे पश्चिमेकडच्या उपसागराच्या, बाजूने पूर्वेकडे पाहत घेतलेले हे दृश्य आहे. डावीकडे उच्च न्यायालय, मधे राजाबाई टॉवर, उजवीकडे जुने सचिवालय, त्यांच्यापुढे मोकळे मैदान, मग रस्ता, मग रेल्वेचे रूळ आणि रुळांच्या अलीकडे लगेच वाळू आणि पाणी. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, तेव्हा चित्र त्यानंतरचे. आज त्या मैदानाच्या पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग आहे, तिच्यामागे आणखी इमारती आहेत, त्यांच्याही पलीकडे मरीन ड्राइव्ह आहे आणि मग कुठे समुद्र. आपण या गॉथिक इमारतींना मैदानाकाठच्या इमारती म्हणून ओळखतो. बांधणाऱ्यांनी त्या समुद्राकडे तोंड करून, बोटीवरून येणाऱ्याच्या डोळ्यांत भरतील अशा एका ओळीत उभ्या केल्या होत्या. मधला रस्ता तेव्हाचा क्वीन्स रोड, आजचा महर्षी कर्वे मार्ग. हिंगण्याच्या झोपडीत मुलींच्या शिक्षणाचे काम उभे करणाऱ्या अण्णांचे नाव एकेकाळच्या समुद्रकाठच्या रस्त्याला आहे, ही गोष्ट वाचनालयातल्या प्रत्येकाला मी बोट ठेवून दाखवते.

रुळांचीही एक गोष्ट आहे. बी.बी.सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचा हा मार्ग तेव्हा चर्चगेटला संपत नव्हता, तो किनाऱ्याने पुढे कुलाब्यापर्यंत जात होता. १९३० च्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद झाले आणि चर्चगेट हे शेवटचे स्थानक ठरले. म्हणून एखाद्या चित्रात चर्चगेटच्या दक्षिणेला रूळ दिसले तर ते चित्र त्याआधीचे किंवा फार तर त्याच सुमाराचे. जुन्या किनाऱ्याची छायाचित्रे अशीच वाचावी लागतात: काय आहे आणि काय अजून नाही, हे दोन्ही बघून.

आता छपाईबद्दल. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांचे नवे छाप बाजारात पुष्कळ मिळतात आणि बहुतेक गडद चॉकलेटी रंगात बुडवलेले असतात, कारण जुने म्हणजे तपकिरी अशी एक समजूत आहे. या दुकानाने तसे केलेले नाही. अल्ब्युमेन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या, कागदावरच्या मूळ छापांत उजळ भाग फिकट पिवळसर होतात आणि सावल्यांत जांभळट तपकिरी छटा राहते. ती छटा यांनी जवळजवळ जशीच्या तशी आणली आहे. त्या काळी मोठ्या काचेच्या निगेटिव्हवरून त्याच आकाराचा छाप काढत, चित्र मोठे करण्याची पद्धत सहसा नव्हती, त्यामुळे मूळ छापांत बारकावा अफाट असतो, आणि स्कॅन चांगले केले असेल तर भिंग घेऊन बसावे असे काहीतरी प्रत्येक कोपऱ्यात सापडते. सातव्या चित्रात भिंगाखाली रुळांलगतच्या कुंपणावर वाळत घातलेले कापड दिसते. अकराव्या चित्रात, कुलाब्याच्या बाजूला कापसाच्या गाठींची उतरंड आहे आणि तिच्या सावलीत दोन हमाल पाय पसरून बसले आहेत. एकाचा चेहरा हलल्याने पुसट झाला आहे, दुसऱ्याचा इतका स्पष्ट आहे की त्याच्या मुंडाशाचे पेच मोजता येतात.

हलल्याने पुसट होणे हा या चित्रांचा स्वभाव आहे, दोष नाही. ओल्या कोलोडियनची काच वापरताना छायाचित्रकाराला जागेवरच काळोखा तंबू ठोकून काचेवर लेप द्यावा लागे, ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लेप सुकण्याआधीच ती धुवावी लागे. प्रकाशाला काही सेकंद लागत, तेवढ्यात लाटा सपाट होऊन जात आणि नांगरावर डुलणाऱ्या गलबतांच्या डोलकाठ्या दुहेरी उमटत. त्या लेपाला निळा प्रकाश फार लवकर जाणवे, म्हणून आकाश पांढरेफटक येई आणि लाल कौले काळीभोर दिसत. मुंबईच्या समुद्रावर ढगच नव्हते असा या चित्रांचा अर्थ नाही. त्या काचेला ते सहसा दिसत नव्हते.

इथूनच माझी पहिली तक्रार सुरू होते. दुसऱ्या आणि नवव्या चित्रांत आकाशात सुंदर, पिंजलेले ढग आहेत. दोन्ही चित्रांत ढग एकसारखे आहेत. नवव्यात फक्त उलटे केले आहेत. संगणकावर ते घातले आहेत हे उघड आहे. त्या काळातले काही छायाचित्रकारही ढगांची वेगळी काच ठेवून दोन निगेटिव्हवरून एक छाप काढत, हे मला ठाऊक आहे, पण ती त्यांची निवड होती आणि चित्र त्यांचे होते. आज आपण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या चित्रात हवामान घालावे, आणि त्याचा उल्लेखही करू नये, हे मला पटत नाही.

दुसरी तक्रार चित्रओळींची आणि ती जास्त गंभीर आहे, कारण विकत घेणारा माणूस चित्रओळीवर विश्वास ठेवतो. ज्या ताजच्या चित्रापासून मी सुरुवात केली त्याच्याखाली ‘अपोलो बंदर, १८९५’ असे छापले आहे. हॉटेलच १९०३ चे आहे. पाचव्या चित्रात गेटवे पूर्ण बांधून उभा आहे आणि खाली लिहिले आहे, ‘राजा पंचम जॉर्ज यांच्या स्वागतासाठी उभारलेली कमान, १९११’. हा समज फार पसरलेला आहे. राजा आणि राणी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले हे खरे, पण तेव्हा तिथे तात्पुरता देखावा उभा केला होता. जॉर्ज विटेट यांनी आखलेल्या दगडी कमानीचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला आणि कमान राजाच्या भेटीनंतर तेरा वर्षांनी लोकांसाठी खुली झाली. त्या भेटीची आठवण म्हणून ती बांधली, स्वागताला ती नव्हती. महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेहून ९ जानेवारी १९१५ रोजी याच बंदरावर उतरले, तेव्हाही कमान नव्हती. त्यानंतर भरावाचे काम पुढे गेले आणि आज आपण जिथे उभे राहून कमानीचे चित्र काढतो ती जमीन तयार झाली. सगळ्यात विलक्षण म्हणजे राजाच्या आगमनाची आठवण म्हणून जे दार उभारले त्याच दाराने २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी गेली. एवढा सगळा इतिहास एका चुकीच्या सालाने झाकला जातो.

बंदराच्या नावाबद्दलही एक ओळ हवी होती. मराठी माणूस त्या जागेला पालवा बंदर म्हणत आला, पालव नावाच्या होड्यांवरून असे म्हणतात, आणि त्याचेच इंग्रज तोंडात अपोलो झाले. ग्रीक देवाचा तिथे काही संबंध नाही. पुण्यात मराठी ग्राहकांसाठी छापलेल्या संचात हे नाव यायला हवे. आणखी एका चित्राखाली ‘हे बंदर, मुंबई’ असे आहे. वाचनालयात आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “बाई, हे बंदर म्हणजे कोणते?” तिचा प्रश्न बरोबर होता, कारण मराठी वाचणाऱ्याला ‘हे’ म्हणजे ‘समोरचे’ असेच वाटणार. रे रोडकडच्या बाजूला ‘हे बंदर’ नावाचे बंदरच आहे, ‘हे’ म्हणजे इंग्रजीतले वाळलेले गवत (Hay). इंग्रजी नाव मराठीत लिहिताना दोन शब्द जास्त घातले असते तर घोटाळा झाला नसता. पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांची नावे हा खरे तर स्वतंत्र विषय आहे: दाणाबंदर, लाकडी बंदर, चिंचबंदर, बोरीबंदर. कुठे माल नाव देऊन गेला, कुठे झाड.

सतरावे चित्र चक्क उलटे छापले आहे, आरशात दिसावे तसे. मलबार हिलवरून दक्षिणेकडे पाहताना समुद्र उजव्या हाताला आणि शहर डाव्या हाताला असते. इथे समुद्र डावीकडे आहे. निगेटिव्ह स्कॅनरवर उलटी ठेवली की असे होते, आणि किनाऱ्याच्या चित्रात ही चूक चटकन लक्षात येत नाही कारण पाण्याला उजवी-डावी बाजू नसते. त्याखालची ‘मरीन ड्राइव्ह, १९२०’ ही ओळही चुकीची आहे. भराव टाकायला सुरुवात झाली होती, पण चित्रात दिसणाऱ्या गोलसर गच्च्यांच्या पाच-सहा मजली इमारती १९३० च्या दशकाच्या आणि नंतरच्या. समुद्रभिंतीपुढे टेट्रापॉड, म्हणजे लाटा अडवणारे काँक्रीटचे चौपायी ठोकळे, नाहीत, ते नंतर आले, एवढ्यावरून साल सांगायचे तर १९४० च्या आसपासचे म्हणता येईल.

दुकानात परत गेले तेव्हा मालक स्वतः बसले होते. वयाने माझ्यापेक्षा मोठे, शांत गृहस्थ. मी खोका उघडून एकेक चित्र दाखवत गेले आणि त्यांनी प्रत्येक वेळी चष्मा वर करून पाहिले. “ताई, साल आम्ही ज्याच्याकडून फाइली घेतल्या त्याने दिले तसेच टाकले,” ते म्हणाले, “पण छापले आम्ही, म्हणजे चूक आमचीच.” मुलाने उलटे चित्र तिथल्या तिथे संगणकावर सरळ केले आणि दोन दिवसांत नवा छाप दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. ढगांबद्दल मात्र तो अडला. ग्राहकांना रिकामे आकाश आवडत नाही, चित्र अपुरे वाटते, असे त्याचे म्हणणे होते आणि धंद्याच्या दृष्टीने ते खरेही असेल. शेवटी मागणी केल्यास बिनढगाचा छाप मिळेल एवढे त्याने मान्य केले. घेणाऱ्यांनी तो आवर्जून मागावा.

गोदीच्या चित्रांकडे वळते, कारण संचाचा सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे आणि लोक ती चित्रे घाईने उलटतात. मुंबईला भरती-ओहोटीत पाण्याची पातळी साडेचार मीटरच्याही पुढे खाली-वर होते. ओहोटीला उघड्या धक्क्याशी जहाज चिखलात बसते, म्हणून माल उतरवायला पडाव आणि मचवे लागत, आणि म्हणूनच दरवाजांनी पाणी अडवून धरणाऱ्या गोद्या बांधाव्या लागल्या. पहिली ससून डॉक, १८७५ ची. पुणेकरांना ससून हे नाव रुग्णालयामुळे जिभेवर आहे आणि कॅम्पातल्या लाल देवळाशेजारी डेव्हिड ससून यांची समाधीही आहे. गोदी त्यांचे चिरंजीव अल्बर्ट ससून यांनी बांधली. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टने त्यानंतर १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, पुढे व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, सुरू केला. अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेल्या दगडमातीचा भराव घालून शेजारी बावीस एकरांचे बॅलार्ड इस्टेट तयार झाले, पोर्ट ट्रस्टच्या कर्नल बॅलार्ड यांच्या नावाचे. एका खड्ड्यातून गोदी आणि त्याच खड्ड्याच्या मातीतून कचेऱ्यांची वसाहत, ही गोष्ट चौदाव्या आणि पंधराव्या चित्रांत शेजारी शेजारी ठेवून पाहता येते, आणि ही दोन चित्रे एकामागोमाग ठेवणाऱ्याला मी मनापासून धन्यवाद देते. चौदाव्यात कोरड्या खड्ड्याच्या तळाशी माणसांच्या रांगा आहेत, डोक्यावर पाट्या आहेत, आणि काठावर उभ्या असलेल्या साहेबाची छत्री सोडली तर एकही यंत्र दिसत नाही.

त्या माणसांची चित्रे संचात एवढीच. गोदी कामगार, कोळणी, खलाशी, पडावांवरचे तांडेल, यांच्यासाठी चोवीसांत दोन चित्रेही नीट वाट्याला आलेली नाहीत. त्याऐवजी व्हाइसरॉयांच्या स्वागताच्या कमानी चार आहेत. किनारा बदलला तो ज्यांच्या पाट्यांनी, त्यांना एवढी कमी जागा देणे योग्य नाही. छायाचित्रकारांच्या निवडीतही तीच उणीव आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्या सुरुवातीच्या काळात मुंबईत व्यवसाय केला, पुढे राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये इथे स्टुडिओ काढला. संचाच्या माहितीपत्रकात यांच्यापैकी एकाचेही नाव नाही. ज्यांची चित्रे घेतली नाहीत त्यांचा निदान उल्लेख करायला एक परिच्छेद पुरला असता.

एकोणिसावे चित्र १९४४ नंतरचे आहे आणि ते मी वाचनालयात वेगळे लावले आहे. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजावर आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरलेली होती. चार वाजल्यानंतर अर्ध्या तासात दोन स्फोट झाले, शेकडो माणसे आणि आग विझवायला गेलेले जवान मेले, जहाजे बुडाली, गोदामे आणि वस्ती जळाली. अग्निशमन दलाचा दिवस आजही १४ एप्रिललाच पाळतात. चित्रात वाकड्या झालेल्या लोखंडी तुळया आणि एका भिंतीचा सुळका एवढेच आहे, आकाश रिकामे आहे, आणि या चित्रात तरी कोणी ढग घातले नाहीत.

भाऊच्या धक्क्याच्या चित्रापाशी मी जास्त वेळ थांबते. माझे आजोबा रत्नागिरीहून बोटीने इथेच उतरत आणि मग रेल्वेने पुण्याला येत. भाऊ अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला मूळ धक्का कर्नाक बंदराच्या बाजूला होता आणि आज ज्याला भाऊचा धक्का म्हणतात तो माझगावकडचा, हे चित्रओळीत स्पष्ट केले आहे. ही एक चित्रओळ संपूर्ण बरोबर आहे आणि ज्याने लिहिली त्याला विषय माहीत आहे. याच नावाच्या धक्क्यावरून १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या घरात गटारीच्या अमावास्येला बोटीचा विषय निघाला की आजी उठून आत जात असे. चित्रात पावसाळी छत्र्यांची गर्दी आहे, फळीवरून चढणारी बाई पदर तोंडात धरून खाली पाण्याकडे बघते आहे, आणि मागे धूर सोडणारी बोट.

गिरगाव चौपाटीच्या दोन चित्रांवर थोडक्यात: दोन्ही चांगली आहेत, विल्सन कॉलेजची १८८९ ची इमारत मागे दिसते, आणि लोकमान्यांचा पुतळा एकात नाही आणि दुसऱ्यात आहे, त्यामुळे क्रम आपोआप लागतो. १ ऑगस्ट १९२० ला टिळकांचे दहन जिथे झाले त्या वाळूचे एकही साधे चित्र पुण्यातल्या दुकानात याआधी मला मिळाले नव्हते.

घेणाऱ्यांसाठी व्यवहाराचे सांगते. पूर्ण संच घेण्याऐवजी सातवे, अकरावे, चौदावे, पंधरावे, एकोणिसावे आणि भाऊच्या धक्क्याचे अशी सहा चित्रे सुटी घेतली तर १,५०० रुपयांत उत्तम संग्रह होतो. मढवताना काच चित्राला टेकू देऊ नका, मधे माउंट घालायला सांगा. पुण्याच्या पावसाळ्यात काचेला चिकटलेला कागद सुटताना फाटतो. मागे पुठ्ठा आम्लमुक्त हवा, नाहीतर दोन-तीन वर्षांत कडेने तपकिरी डाग येतात आणि ते पुढे काही केल्या जात नाहीत. कसर लागू नये म्हणून वर्षातून एकदा भिंतीवरून काढून मागची बाजू पाहावी. चित्रांवरची साले पेन्सिलने दुरुस्त करून घ्यावीत. आमच्या वाचनालयात मी प्रत्येक चित्राशेजारी वेगळी चिठ्ठी लावली आहे.

एक गोष्ट मी शेवटपर्यंत राखून ठेवली, कारण ती मला सगळ्यात जास्त लागली होती. सातव्या चित्राची खालची कड मला सारखी खटकत होती, पाणी जणू कात्रीने कापल्यासारखे संपत होते. दुकानातल्या मुलाला मूळ फाइल उघडायला सांगितली. मूळ काच १० × १२ इंची, त्या काळच्या प्रचलित मापांपैकी एक. आणि यांचा कागद १२ × १६. दोन्हींचे प्रमाण जुळत नाही, म्हणून सगळ्या चित्रांची वरची किंवा खालची पट्टी छाटली होती, मूळ दहा इंचांत जवळजवळ एक इंच. मैदान, मनोरे आणि रूळ तसेच राहिले होते आणि गेला होता तो नेमका काठ. किनाऱ्याच्या चित्रात आपल्याला काठच तर पाहायचा असतो. पाणी कुठे संपत होते हे दाखवणारी जागा सोडून बाकी सगळे ठेवले तर इमारतींचे चित्र उरते, आणि इमारती आजही तिथे जाऊन पाहता येतात. मी हे बोलले तेव्हा मालकांनी मुलाकडे पाहिले आणि म्हणाले, “पांढरी कड ठेवून पूर्ण छाप. कागद थोडा वाया गेला तरी चालेल.” त्यांनी तेव्हापासून सगळीच चित्रे तशी छापायला घेतली आहेत, आधी संच घेतलेल्यांनी बदलून मागावा, ते देतात.

नवा सातवा छाप मागच्या आठवड्यात आला. खालच्या त्या एका इंचात दगडी पायऱ्या आहेत. पखाल पाठीवर घेतलेला एक भिश्ती वरच्या पायरीवर थांबून कॅमेऱ्याकडे पाहतो आहे, शेजारी एक मुलगा पाय बुडवून बसला आहे आणि हलल्यामुळे त्याचे पाय पाण्यातच विरघळल्यासारखे दिसतात. दगडांवर शेवाळाचा एक काळा पट्टा आडवा गेला आहे, भरतीचे पाणी जिथवर चढत असेल तिथवर. त्या पट्ट्याच्या वर कोरड्या तीन पायऱ्या आहेत, मग रुळांचे कुंपण, आणि कुंपणावर तेच वाळत घातलेले कापड.